दोरी सोडण्याआधी

बोरदरा, ता. पाथर्डी
११ ऑगस्ट २०२४

पंकजा,

पाकीट मिळालं. आतला कागद दोनदा वाचला. विहिरीलगतचे तुमच्या वाटणीचे सहा एकर सौर प्रकल्पाला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायचे, आणि सातबारा अजून सामाईक असल्यामुळे चौघांच्या सह्या हव्यात. कल्याणभावजींची आहे, तुझी आहे. ह्यांनी तर कागद आला त्याच दुपारी भाकर बाजूला सारून सही केली. राहिली माझी. मी पेन घेतलं, तुझ्या सहीकडे बघितलं आणि पेन ठेवून दिलं. 'पं'वरचं टिंब तू अजून गोल काढतेस.

घाबरू नकोस, मी अडवणूक करत नाही. सातबाऱ्यावर आपल्या दोघींची नावं चढली त्या दिवशी तलाठ्यासमोर तू म्हणाली होतीस, "आता आमाला इचारल्याबिगर खुट्टं हलायचं न्हाई," आणि तो बिचारा लाजला होता. ते नाव अडवायला वापरावं असं मला वाटत नाही.

सौरचंही मला वावडं नाही. पलीकडच्या गावात झालं, तिथं आता मोटारींना दिवसा वीज असते. बायका सांगतात, नवरे रात्री घरात झोपतात, त्याचीच आता सवय करावी लागतेय. आपल्याकडे अजून तेच, एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री.

तुमचं रान पडीक आहे. खोटं कशाला सांगू, विहिरीजवळच्या दोन एकरांत मी दर पावसाळ्यात थोडे मूग टाकते, नाहीतर बाभळी चढतात. मुगाची एक पिशवी दर दिवाळीला ह्यांच्या हातानं नागापूरला भावजींच्या वर्कशॉपवर पोचते. ती तुमच्याच रानातली असते. हे तुला सांगितलेलं नाही, कारण मग तू ती परत पाठवली असतीस.

फोन करून पाहिला. तू उचलत नाहीस. एका अर्थी बरंच झालं. फोनवर मला खोटं बोलायला सोपं जातं. समोरचा "हं" म्हणाला की तिथंच थांबता येतं. ह्यांनी मघाशी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "सहीला चार अक्षरं लागत्यात, आन् तू चार पानं लिवतीस." मी म्हटलं, चार अक्षरांच्या आधीची चार पानं आहेत ही.

सही करीन. त्याआधी तुला एक सांगायचं आहे. आज हात चालत नाही.

लेकीला आशीर्वाद. तिचं कॉलेज सुरू झालं असेल.

आक्का


३ सप्टेंबर २०२४

पंकजा,

कल्याणभावजींचा ह्यांना फोन आला होता. "वैनीला म्हणावं सही करा, पत्रं नकोत," असा तुझा निरोप. ह्यांनी तो जसाच्या तसा सांगितला, आवाजसुद्धा तुझा काढून. मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण तुझा आवाज त्यांनी बरोबर काढला होता. आठ वर्षांत घरात तुझं नाव फारसं निघत नाही, पण आवाज सगळ्यांना पाठ आहे.

तरी लिहिते. फाडून टाकलंस तरी चालेल, आधी वाच.

काल पोळा झाला. परवा गावात पाण्याचं माप बघायला पाहुणे आले होते, जालन्याकडचे सरपंच आणि ग्रामसेवक, दोन बसगाड्या भरून. पाहुणे आले की मला उभं करतात आणि मी दोरी दाखवते. आता तोंडपाठ झालंय. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी आम्ही गावच्या चार विहिरींत ही दोरी सोडतो. परसापरसाला गाठ आहे. परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला तर जेवढा होईल तेवढा, हे त्यांच्यातल्या तरण्यांना सांगावं लागतं. आदल्या दिवशी दिवस मावळल्यापासून गावातली एकही मोटार चालवायची नाही, म्हणजे रात्रभरात विहीर आपली खरी पातळी धरते. किती पाणी आहे ते बघून काय पेरायचं ते त्याच सकाळी पारावर ठरतं. ऊस नाही. नवी फळबाग हवी तर त्या अंगाच्या विहिरीत पाच परस पाणी पाहिजे. नसेल तर कितीही मोठा माणूस असो, परवानगी नाही.

मग ते विचारतात, घरच्या माणसाच्या बाबतीत कधी वेळ आली का? आणि काकासाहेब उठतात. सरपंचपद जाऊन बारा वर्षं झाली, पण ही गोष्ट सांगायची त्यांचीच. "ह्या आरतीबाईच्या सख्ख्या जावेनं मोसंबीची तीनशे झाडं आणून ठिवली हुती. अनुदान मंजूर. माप निघालं साडेचार परस. बाईनं सगळ्यांम्होरं साडेचार म्हणून सांगितलं. घर फुटलं, पर माप फुटलं न्हाई." टाळ्या पडतात. मला शाल मिळते. अशा सात झाल्या. मी एकही अंगावर घेतलेली नाही, थंडीत कालवडीवर टाकते.

परवा टाळ्या पडत होत्या आणि मला श्रीरामपूरकडचा तो उसाचा फड आठवत होता. तुझ्या लग्नानंतरचं पहिलं साल. गावात प्यायला पाणी नव्हतं, दिवाळी झाली की सगळी घरं कोयता घेऊन बाहेर पडायची. मला ताप भरला होता. मुकादमाला कळू नये म्हणून तू माझ्या वाटणीच्या मोळ्या बांधल्यास, आणि उसाच्या वाढ्यांच्या ढिगामागं मला निजवून वर पाचट टाकलंस. चार दिवस. तू एकोणीस वर्षांची होतीस, हाताला उसाच्या पात्यांनी कापल्याच्या रेघा. मी म्हटलं, तुला जमायचं नाही गं, तर म्हणालीस, "निजा आक्का, मी तुमच्यापरीस दांडगी हाय."

पुढं बंधारे झाले, डोंगरावर चर खणले, मापाची रीत आली आणि कोयता सुटला. दहावी शिकलेली म्हणून दोरी माझ्या हातात आली. गावात सगळ्यात जास्त आनंद तुला झाला होता. दोरीच्या गाठी तूच मारल्यास. तुझी गाठ सुटत नाही म्हणून. अजून त्याच आहेत.

गाव सोडून जाताना तू टेम्पोत बसलीस आणि म्हणालीस, "आक्का, तुमी गावाच्या झालात. घरच्या न्हाई ऱ्हायलात." लोकांना वाटतं तो टोमणा होता. मला तो माझ्या लायकीपेक्षा मोठा मान वाटतो. मी गावाचीसुद्धा झाले नव्हते, पंकजा.

आक्का


१५ सप्टेंबर २०२४

पंकजा,

आज गणपतीत सगळे आरतीला गेलेत. घरात मी एकटी. सांगून टाकते.

त्या वर्षीचा तो रविवार आठव, मापाच्या आदला. तिन्हीसांजेला तुझ्या मोसंबीच्या कलमांचा टेम्पो आला. ड्रायव्हरला घाई होती. आपण दोघींनी तीनशे पिशव्या उतरवल्या, अंगणात ओळीनं लावल्या. तू प्रत्येक रोपाला हात लावून बघत होतीस, डोळा फुटलाय का, कलमाची गाठ वर आहे का. मी तांब्यानं पाणी घालत होते. तू म्हणालीस, पहिलं फळ आलं की त्याचा रस सासूबाईंच्या फोटोपुढं ठेवायचा, त्या जन्मभर मोसंबी विकत घ्यायच्या नाहीत, आजारी माणसाचं फळ म्हणायच्या. आपण हसलो. मला तो दिवस फार आवडला होता.

त्या आठवड्यात विहिरीची पाळी आमची होती, आणि वीज रात्रीची. हे पाथर्डीच्या बाजाराला गेले होते, मुक्कामी. जाताना मला बजावून गेले होते, "स्टार्टर ऑटोवर हाय, सांजच्याला काढ." वीज आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून सगळेच ऑटोवर ठेवतात, कोण रात्री उठून विहिरीवर जाणार. पण मापाच्या आदल्या रात्री ते काढायचं असतं. मी काढलं नाही. रोपं उतरवण्यात विसरले.

रात्री वीज आली. मोटार चालू झाली. पहाटेपर्यंत आमच्या कांद्याच्या रोपाला पाणी गेलं आणि वीज गेली तशी बंद पडली. सकाळी दोरी सोडली ती उपसलेल्या विहिरीत. साडेचार परस.

मला हे संध्याकाळी कळलं. रोपाच्या वाफ्यात गेले तर पाय रुतला. तोवर पारावर ठरून गेलं होतं. तू कोणाशी न बोलता घरी गेली होतीस आणि रोपांना पाणी घालत होतीस.

बुधवारी कोणी नसताना मी पुन्हा दोरी सोडली. पाच परस आणि वर एक हात.

तुझी बाग बसत होती, पंकजा. अनुदानाला महिनाअखेर लागवड दाखवायची होती, अजून बारा दिवस होते. मी तोंड उघडलं असतं तर झालं असतं. मी नाही उघडलं. सरकार म्हणत होतं लाव, गाव म्हणत होतं लावू नको, आणि मधे तू उभी होतीस. तो पेच सोडवायचा शब्द माझ्याकडे होता.

तू ती रोपं पिशव्यांतच जगवलीस. घरच्या प्यायच्या पाण्यातून, भांडी घासलेल्या पाण्यातून. होळीच्या दिवशी शेवटच्या ओळीतली एक फांदी मोडून बघितलीस, आत वाळली होती. मी चुलीपाशी होते. तू पिशव्यांतली माती एकेक करून परसात ओतलीस. रिकाम्या पिशव्या धुऊन, घडी करून ठेवल्यास. तेवढं मी पाहिलं आणि पोळपाटाकडे तोंड फिरवलं. वैशाखात तुम्ही नागापूरला गेलात.

कल्याणभावजी वर्कशॉपमध्ये, तू पॅकिंगला. दिवसभर उभ्यानं काम असतं असं ऐकते.

हे एवढं होतं सांगायचं.

आक्का


२९ सप्टेंबर २०२४

पंकजा,

तुझं उत्तर आलं. मोबाईलवर एकच ओळ. मी ती रोज उघडून बघते, जणू काही बदललं असेल.

"दोरी सोडायच्या आधी तुमी दर साली हिरीतल्या ओट्यावर उतरता. त्या दिशी मोटारीला हात लावला का न्हाई?"

तू कारखान्यात पॅकिंग करतेस, तिथं म्हणे खोकं बंद होण्याआधी एक कागद कमी असला तरी तुला हातालाच कळतं. भावजींनी कौतुकानं ह्यांना सांगितलं होतं. माझ्या चार पानांत काय कमी आहे ते तुला कळलं.

लावला होता.

संध्याकाळी कळलं हे खोटं आहे. पाय रुतला हे खरं, पण तोवर मला माहीत होतं. सकाळी सगळे विहिरीवर जमायच्या आधी मी चौदा पायऱ्या उतरून मोटारीच्या ओट्यावर गेले, दर वर्षी जाते तशी, दोरीला खाली काही आडवं येत नाही ना ते बघायला. मोटारीवर हात टेकून वाकले. मोटार गरम होती. चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखी नाही, निजलेल्या लेकराच्या अंगासारखी. हात तिथंच राहिला. मला सगळं एका क्षणात समजलं. वरून काकासाहेबांचा आवाज आला, "आरतीबाई, हाय का मोकळं?" मी म्हटलं, "हाय."

तेवढाच एक शब्द. तोवर ती चूक होती. त्यानंतर ती चूक राहिली नाही.

का, ते तू विचारलं नाहीस. मी आठ वर्षं स्वतःला विचारते आहे. वर रामहरी उभा होता. आदल्या साली त्याची मोटार मापाच्या रात्री चालू सापडली ती मीच पकडली होती. ऑटो काढायला विसरलो म्हणाला, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "विसरायला ते काय कुलूप हाय?" त्याचं उन्हाळी पाणी बंद झालं. त्याची बायको माझ्याकडे आली होती, मी नियम सांगितला. आता तोच वर उभा होता, मला त्याच्यासमोर त्याचंच वाक्य बोलावं लागलं असतं, विसरले. गेलं काय असतं? आमचा थोडा कांदा, आणि माझ्या हातातली दोरी. आणि मला ती दोरी फार आवडत होती. सासरी येऊन वीस वर्षांत पहिल्यांदा पुरुषांनी माझ्याकडे बघून गप्प राहावं असं काहीतरी माझ्या हातात होतं.

अजून एक आहे. तेही लिहिते, नाहीतर तू पुन्हा एक ओळ पाठवशील. अंगणात ती तीनशे रोपं बघून मी हसत होते तेव्हा मनात एकदा येऊन गेलं होतं, की हिची बाग होणार आणि मी कांदा निंदत राहणार. एकदाच आलं. पण गरम मोटारीवर हात होता तेव्हा तेही तिथंच होतं. त्याचा वाटा किती, मला सांगता येत नाही.

चौदा ऑक्टोबरला माप आहे. विहिरीवर दोरी सोडण्याआधी मी हे सगळ्यांना सांगणार आहे. काल ह्यांना सांगितलं. बराच वेळ ते बैलाला वैरण घालत राहिले, गव्हाण भरून सांडायला लागली तरी. मग म्हणाले, "मला तवाच का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, तुम्ही काय केलं असतं? म्हणाले, "काय की. गप बसलो असतो. पर दोघं बसलो असतो."

त्यांची मला काळजी नाही, गावाची आहे. ह्या मापावर गाव उभं आहे. लोकांनी त्याच्या भरवशावर कोयता खाली ठेवला. एक माप खोटं होतं असं कळलं तर उद्या कोणी म्हणेल, मग बाकीची कशावरून खरी? उसाची लागण करायला टपलेले चारदोन आहेतच. ह्या विचारानं मी इतकी वर्षं गप्प राहिले असं मला म्हणता येईल, पण ते खरं नाही. हे कारण मला नंतर सापडलं.

तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. तुझ्या पगारातला दिवस जाईल. कागदावर सही करून ठेवली आहे, त्याला कसलीही अट नाही.

आक्का


१६ ऑक्टोबर २०२४

पंकजा,

तू गेल्यापासून दोन दिवस घरात सगळे जरा हळू बोलतात. जे झालं ते तुझ्यासमोर झालं, मग पुन्हा का लिहिते? कारण तू पायऱ्या उतरून गेलीस तेव्हा वर काय झालं ते तुला माहीत नाही. ते तुझ्यापाशी असावं असं वाटतं.

पण पहिल्यापासून सांगते, मला क्रम सोडवत नाही.

तू पहिल्या गाडीनं आलीस ते मला दिसलं नव्हतं. मी विहिरीवर पाठमोरी होते. वीसेक माणसं असतील. काकासाहेबांनी नारळ फोडला आणि मला म्हणाले, "हं, सोडा." मी म्हटलं, आधी बोलायचंय. मी ठरवून आले होते की रडायचं नाही, आणि रडले नाही, पण आवाज माझाच मला ओळखू येईना. "आठ वर्षांमागं ह्या विहिरीचं माप मी खोटं दिलं. मोटार रातभर चालली हुती. मला म्हाईत हुतं."

मग सगळ्यात आधी रामहरी हसला. वाईट हसला नाही. म्हणाला, "म्हंजी ऑटो इसरणारा गावात मी एकलाच न्हवतो." मी त्याच्याकडे बघून म्हटलं, तुम्ही निदान कबूल झाला होता. तो हसायचा थांबला.

काकासाहेब मात्र खचले. त्यांचा चेहरा तू पाहिलास. "आवं, पर आज का सांगितलं? आता पाव्हण्यांम्होरं आमी काय सांगायचं?" मागून शेजारची भागूबाई म्हणाली, "हेच सांगा की. शाली तरी कमी येतील, कालवड घामाघूम व्हती." कोणीतरी हसलं, आणि त्यात मला मागं तू दिसलीस. लिंबाखाली, हातात पिशवी, कंपनीचा निळा शर्ट साडीवरून तसाच. रात्रपाळी करून थेट आली होतीस.

काकासाहेबांनी माझ्यापुढं हात केला. मी दोरी त्यांच्या हातात दिली. तुझ्या गाठींची दोरी. देताना मला वाटलं होतं जड जाईल. गेलं, पण थोडंच.

मग तू पिशवी खाली ठेवलीस, चपला काढल्यास आणि कोणाकडेही न बघता विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागलीस.

तर वर काय झालं ते ऐक. हे काठावर वाकले आणि "जपून गं, चौथ्या पायरीला शेवाळ हाय," एवढंच म्हणाले. इतक्या वर्षांत तुझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य. बाकीचे सगळे पाण्याकडे बघत होते. मी नाही बघितलं. मी माझ्या हाताकडे बघत होते. मला माहीत होतं तू कुठं जाते आहेस. ह्यांनी आदल्या सांजेला ऑटो काढला होता, मी स्वतः जाऊन बघितलं होतं, पुन्हा रात्री जेवल्यावर बघितलं होतं. तरीही वाटत होतं, की हात लावल्यावर मोटार गरमच निघेल, कशी का होईना निघेल.

काकासाहेबांनी दोरीची एक गाठ चाचपली, दुसरी चाचपली.

मग तुझा आवाज आला. विहिरीत आवाज मोठा होतो, तो तसा सगळ्यांना आला.

"गार हाय."

आणि थोड्या वेळानं, "काकासाहेब, दोरी आक्काकडं द्या. आक्का, सोडा."

काकासाहेबांनी रामहरीकडे बघितलं. हे तुला दिसलं नाही. बघायची गरज नव्हती, पण बघितलं. रामहरीनं मान हलवली. नुसती एकदा, बैलानं माशी उडवावी तशी. तेव्हा त्यांनी दोरी माझ्याकडे दिली.

मी सोडली. तू ओट्यावर बसून गाठी मोजत होतीस, मी वरून. दोघींचं एकच आलं. पाच परस, दोन हात. पारावर नंतर ठरलं की ह्यापुढं दोरी सोडण्याआधी ज्याच्या घरची विहीर नाही अशा माणसानं उतरून मोटारीला हात लावायचा, आणि मग मोठ्यानं सांगायचं. पुढच्या वर्षी दोरी कोणाकडे ते ठरलं नाही. भागूबाईला हवी आहे. तिला द्यावी असं मी सुचवलं आहे.

घरी आलीस. चहा घेतलास. मी सही केलेला कागद तुझ्यापुढं ठेवला, तू तो वाचला नाहीस. हात न धुताच उचललास. परसात जाऊन उभी राहिलीस, जिथं ती माती ओतली होतीस तिथं. आता तिथं कढीपत्ता आहे, माझ्यापेक्षा उंच. तू त्याची दोन पानं चुरडून वास घेतलास. मी भाकरी टाकत होते आणि ह्या खेपेला तोंड फिरवलं नाही.

माफ केलं असं तू म्हणाली नाहीस. मी विचारलंही नाही, आणि तू म्हटलं असतंस तर मला ते घेता आलं नसतं. तू जेवलीस. दोन भाकरी आणि पिठलं. मिरची आणखी मागितलीस.

मग गाडीची वाट बघताना फाट्यावर, गाडी लांबून दिसायला लागल्यावर, तू पिशवीतून कागद काढलास. म्हणालीस, "वरचे चार एकर नुसता खडक हाय. त्यांना तेवढाच देऊ. हिरीजवळचं दोन ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, "भावजी?" म्हणालीस, "त्यांला मी सांगते. कागद नवा करावा लागंल. तुमाला परत सही करावी लागंल." आणि हा कागद माझ्या हातात कोंबून तू गाडीत चढलीस. खिडकीतून बघितलं नाहीस. बघशील असं मला वाटलं होतं.

दोन एकरांत काय करणार, ते मी विचारणार नाही. मुगाचं बी या साली तुझ्या वाट्याचं वेगळं काढून ठेवलं आहे. आणि माळ्यावर त्या धुतलेल्या पिशव्या अजून आहेत, सगळ्या. उंदरांनी थोड्या कुरतडल्यात.

जुना कागद माझ्यासमोर आहे. माझ्या सहीवर काळा डाग पडला आहे, चार बोटांचा. मोटारीचं तेल आहे ते, तू तशाच हातानं कागद धरलास. मी तो फाडणार नाही.

नवा पाठव. आला त्याच दिवशी सही करीन, भाकर बाजूला सारून.

तुझी
आक्का